शेवटचं वर्ष सुरू झालंय, डिग्री हातात यायच्या आधी नोकरीसाठी नेमकं काय करू? (मेकॅनिकल)

पंचगंगा_काठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, सातवं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय. कॉलेज कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलं, नाव नको. सीजीपीए ७.१. दुसऱ्या वर्षी एम-थ्री (गणिताचा पेपर) राहिला होता, तो निघाला. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बहुतेक आयटीच्या. कोअरची, म्हणजे मेकॅनिकलचंच काम करणारी, एखादी आलीच तर वरची चार-पाच पोरं उचलून जाते.

घरी आणि बाहेर प्रत्येकाचं वेगळं. पुण्याचे काका म्हणतात ऐंशी हजार भरून डिझाइनचा कोर्स कर, 'शंभर टक्के प्लेसमेंट' आहे. प्रोजेक्ट ग्रुपमधले म्हणतात वर्गणी काढून रेडीमेड प्रोजेक्ट आणू, मार्क सगळ्यांना सारखेच पडतात. बाबा म्हणतात आधी डिग्री पदरात पडू दे, मग बघू. मला मात्र परीक्षा संपल्यावर जूनमध्ये शून्यापासून सुरुवात करायची नाहीये. कास्टिंग आणि मशीनिंगची खरंच आवड आहे. हे वर्ष कुठे घालवू?

तिरकस
मेकॅनिकलवाले शेवटी आयटीतच जातात. पायथॉन शिक आणि चार वर्षं वाचव. अरे हो, चार वर्षं तर गेलीच की. (हलकेच घ्या.)

बोरिवली_फास्ट
तिरकसरावांचं हलकेच घेतलं, पण त्यात थोडं तथ्य आहे. आयटीची दारं बंद करून बसू नकोस. टीसीएसची एनक्यूटी (भरतीची चाचणी) किंवा तत्सम परीक्षांना शाखेची अट फारशी नसते, अट असते ती दहावीपासून ६० टक्क्यांची आणि चालू बॅकलॉग नसण्याची (काही ठिकाणी एखादा चालतो). दहावी-बारावीला तेवढे असतील तर तू दोन्हीत बसतोस. ॲप्टिट्यूडला रोज तासभर दे, कारण कोअरवाले सुद्धा पहिली चाळणी तिथेच लावतात. वेळ-काम-वेग, टक्केवारी, नळ आणि टाकी. आपण हे स्कॉलरशिपच्या परीक्षेला करायचो, तेच.

फक्त एक लक्षात ठेव. ऑफर लेटर म्हणजे जॉइनिंग नव्हे. २०२२ ला ऑफर मिळालेल्या मुलांना एका मोठ्या आयटी कंपनीने २०२४ पर्यंत ताटकळत ठेवलं, ते पेपरात गाजलं होतं. त्यामुळे हातात कागद आला म्हणून बाकीचं सोडू नकोस.

वाळूचा_माणूस
शीर्षक बघून आत आलो. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी बघतो, केस तिथेच पांढरे झाले. फ्रेशर्सच्या मुलाखती दरवर्षी घेतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, तो ऐंशी हजारांचा कोर्स. सॉफ्टवेअर शिकायला माझी ना नाही, पण 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे काय ते त्यांच्याकडून लेखी घे. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ 'तुमचा बायोडेटा पुढे पाठवू' एवढाच निघतो. आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे कोर्स फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे, तेही हजाराच्या आसपास. मॅन्युफॅक्चरिंगचा एक तिथे कर. सर्टिफिकेटसाठी नव्हे, तर मुलाखतीत तोंड उघडायला.

दुसरी, रेडीमेड प्रोजेक्ट. पोरं समोर येऊन बसतात, बायोडेटात 'पेडल ऑपरेटेड वॉटर पंप' किंवा 'ऑटोमॅटिक हॅकसॉ'. मी विचारतो, बेअरिंग कुठलं वापरलं? गप्प. हेच का वापरलं? गप्प. मग मी चहा मागवतो आणि गावाकडची चौकशी करतो, कारण मुलाखत तिथेच संपलेली असते.

आता उलट उदाहरण सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा कॉलेजचं पत्र घेऊन प्रोजेक्टला आला. हुशार म्हणावा असा नव्हता. त्याला सांगितलं, रिजेक्शनचं रजिस्टर घे आणि एका हाउसिंगचे (यंत्राच्या बाहेरच्या कवचाचे) चार महिन्यांचे आकडे काढ. त्याने पॅरेटो (कुठला दोष किती, त्याचा उतरता तक्ता) काढला, त्यात ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली पोकळी, सगळ्यांत वर. ते आम्हालाही ठाऊक होतं. पण त्याने तारखाही मांडल्या, आणि दिसलं की ब्लो होलची गर्दी आठवड्याच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीत होते.

कारण साधं होतं. ओतायचे साचे ओल्या वाळूचे असतात आणि तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरतात. प्लांट चालू असला की परत येणारी वाळू गरम असते, मिक्सरमधलं बरंच पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून ऑपरेटर हात सैल सोडून पाणी घालतो. सुट्टीनंतर वाळू गार. पाणी तेवढंच पडलं की ओलावा वाढतो, आणि गरम लोखंड ओतल्यावर त्याची वाफ कास्टिंगमध्ये अडकते. मिक्सरवरच्या गड्याला हे अंदाजाने माहीत होतं, कागदावर कुणी आणलं नव्हतं. त्या पोराने महिनाभर सकाळी सहाला येऊन मॉइश्चर टेस्टरवर रीडिंग घेतली आणि पहिल्या काही बॅचना पाणी किती कमी घालायचं त्याचा एक तक्ता करून मिक्सरजवळ चिकटवला. तो तक्ता अजून तिथे आहे. सेन्सर नाही, ॲप नाही, खर्च शून्य.

आज तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चांगल्या कंपनीत आहे. मुलाखतीत त्याला पाऊण तास त्या एकाच गोष्टीवर विचारलं म्हणे.

तेव्हा भावा, आठव्या सेमिस्टरपर्यंत असं एक खरं काम कर. आत्ता तू विद्यार्थी आहेस. जूननंतर बेरोजगार इंजिनियर होशील. आमच्या गेटवर या दोघांना मिळणारी वागणूक वेगळी असते. विद्यार्थ्याला आत घेतलं तर कंपनीचं काही जात नाही. डिग्रीवाल्याला आत घ्यायचं म्हणजे जागा हवी, मंजुरी हवी, पगार हवा.

मनवा
वाळूचा_माणूस, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

पंचगंगा_काठ
काका, खूप खूप आभार. पण ओळख नसताना आत शिरायचं कसं? आमच्याकडे टीपीओ (प्लेसमेंट बघणारे) सर म्हणतात 'तुम्हीच शोधा, मी सही देतो'. मेल टाकले होते, एकाचंही उत्तर नाही.

वाळूचा_माणूस
सही देतात ना? मग निम्मं काम झालं. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घे. त्यात तुझं नाव, वर्ष, किती महिने, आठवड्यातले कुठले वार, आणि 'विद्यावेतनाची अपेक्षा नाही' हे स्पष्ट लिही. मुलांचा विमा कॉलेजने काढला असेल तर त्याची झेरॉक्स जोड. आम्हाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती शॉपवर पोराला काही लागलं तर काय, याची.

मोठ्या कंपनीच्या मागे लागू नकोस, तिथे पत्र एचआरच्या ट्रेमध्ये पडून राहतं. शंभर-दीडशे माणसांचं युनिट बघ. शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाड, कुठेही. मेल नको, स्वतः जा. सकाळी जाऊ नकोस, तेव्हा सगळे कालच्या रिजेक्शनवर भांडत असतात. दुपारी चारच्या सुमाराला जा आणि गेटवर 'क्वालिटीचे साहेब आहेत का' म्हणून विचार. चप्पल घालून जाऊ नकोस, आत सोडणार नाहीत. सेफ्टी शूज विकत घे, पुढे लागणारच आहेत.

आणि आत बसल्यावर 'काहीही द्या, करतो' म्हणू नकोस. 'तुमच्याकडे सगळ्यात जास्त रिजेक्शन कुठल्या पार्टला आहे, त्याचे आकडे काढून देतो' असं म्हण. रजिस्टरं भरलेली असतात, बघायला कुणाला वेळ नसतो.

वाळूज_रिटर्न
काकांशी सहमत. त्यात अप्रेंटिसशिपची भर घालतो, कारण याबद्दल कॉलेजात कुणी धड सांगत नाही.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. त्याखाली पदवीधरांसाठी नॅट्स नावाची योजना आहे, केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी फुकट होते. पश्चिम विभागाचं बोर्ड मुंबईत आहे. एक वर्षाचा करार असतो आणि शेवटी केंद्राचं प्रमाणपत्र मिळतं. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० ठरले होते, आणि त्या किमान रकमेतला अर्धा वाटा सरकार उचलतं. २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली. मोठ्या कंपन्या किमानपेक्षा जास्त देतात.

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत मी स्वतः अप्रेंटिस होतो, म्हणून सावध करतो. 'ट्रेनी', 'अप्रेंटिस', 'ऑफ रोल', 'थर्ड पार्टी' असे चार शब्द एचआरवाले एका दमात बोलतात आणि पोरं मान डोलावतात. करार पोर्टलवर नोंदला जाणार का, एवढं एकच विचार. नोंदला नाही तर वर्षभर राबून हातात कंत्राटदाराचं पत्र येतं. नोंदला तरी पीएफ नसतो आणि वर्षानंतर नोकरीची हमी नसते, हेही डोक्यात ठेवून जा. मी ज्या ठिकाणी होतो तिथे वर्ष संपलं की पुढची बॅच आणि आम्ही बाहेर. शिकायला मात्र भरपूर मिळालं, सीएमएम (अचूक मापं घेणारं) मशीन मला एरवी कुणी हात लावू दिलं नसतं.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ पासून आहे, पदवीधराला महिन्याला १०,००० मिळतात. पण ती शिक्षण संपलेल्यांसाठी. तुझ्यासाठी पुढच्या वर्षीचा पर्याय.

गावकुस
सगळे खासगीच सांगताय. एमपीएससी? गेट?

बोरिवली_फास्ट
@गावकुस, गेट (एम.टेक. आणि काही सरकारी कंपन्यांसाठीची परीक्षा) जरूर. तिसऱ्या वर्षापासून बसता येतं, फेब्रुवारीत होते, फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरला निघतात, स्कोअर तीन वर्षं चालतो. धागाकर्त्याने फॉर्मची तारीख आत्ताच बघावी. एमपीएससीबद्दल मी बोलत नाही, सदाशिव पेठेत सहा वर्षं काढलेला मित्र आहे माझा.

गावकुस
सहा वर्षं काढून लागलेले पण आहेत हो.

तिरकस
आणि न लागलेले धागे काढत नाहीत.

ऋता_क
जरा विषयांतर. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बँकिंग करतेय. मला एक फरक उशिरा कळला तो इथे लिहिते, इतरांना उपयोगी पडेल. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेला शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी बसू शकतात, मुख्यच्या अर्जापर्यंत पदवी लागते. आयबीपीएस पीओला (सरकारी बँकांतली अधिकारी भरती) तसं नाही, अर्ज भरताना पदवी झालेली असल्याचा पुरावा हवा. म्हणजे आमचा निकाल लांबला की वर्ष गेलं. जाहिरातीतली पात्रतेची तारीख आधी वाचा.

आणि कागदपत्रं! आमच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर. माझ्या ताईचा पीएफचा नंबर याच घोळात अडकला होता, कारण तो आधारवरच्या नावाने निघतो आणि कंपनीने मार्कलिस्ट बघून नाव भरलेलं. आत्ता वेळ आहे तोवर आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या. सरकारी नोकरी बघणार असाल तर डोमिसाइल आणि नॉन-क्रीमीलेअर सुद्धा. जूनमध्ये सेतू केंद्रावर अकरावीच्या प्रवेशवाल्यांची झुंबड असते.

मनवा
ऋता, विषयांतर नाहीये हे, फार महत्त्वाचं लिहिलंस. मी पुण्यात एचआरला आहे, जॉइनिंगच्या दिवशी निम्मी मुलं याच कारणाने खोळंबतात. मूळ मार्कलिस्ट मात्र कुणाच्या ताब्यात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. आणि नोकरी 'पक्की' करायला किंवा 'लॅपटॉपचं डिपॉझिट' म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवा, उशीर झाला की सापडत नाहीत.

पगाराचं पण सांगून ठेवते, कारण मुलं 'तीन-साठचं पॅकेज' ऐकून घरी तीस हजार महिना सांगतात आणि पहिल्या पगाराला रडवेली होऊन आमच्याकडे येतात. ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,०००. त्यातले १० टक्के व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारे) असतील तर ३,००० बाजूला. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी सुमारे ७०० हेही त्याच तीस हजारांत मोजलेले असतात. राहिले २४,५००. त्यातून तुझा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात २२,५००. चाकणला कॉट बेसिसवर राहायचं, मेस, बस... पुढचं गणित घरी बसून कर आणि मगच ठरव.

ऋता_क
मनवाताई, २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे माझ्या हातात दोनशे जास्त. 😀

मनवा
बँकेत नक्की लागणार तू.

पंचगंगा_काठ
अजून एक. सीनियरला लागलेल्या कंपनीत दोन वर्षांचा दीड लाखाचा बॉण्ड आहे. सही करावी का?

तिरकस
बॉण्ड-बिण्ड काही चालत नाही कोर्टात. बिनधास्त सही करायची आणि कंटाळा आला की निघायचं.

शंकेखोर
तिरकस, असं सरसकट सांगू नका, उद्या पोराला नोटीस आली तर तुम्ही जाणार का उत्तर द्यायला? वकिली करतो म्हणून लिहितो.

नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामच करायचं नाही अशी अट भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम २७ मुळे टिकत नाही. पण 'अमुक वर्षांच्या आत सोडलं तर इतके भरा' ही वेगळी गोष्ट आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं आणि दोन लाखांची अट वैध ठरवली. मात्र ती सार्वजनिक बँक होती, भरतीवर होणारा खर्च आणि पुन्हा भरती करण्याची लांब प्रक्रिया न्यायालयाने विचारात घेतली. एखाद्या खासगी कंपनीने दोन आठवडे स्लाइड दाखवायच्या आणि दीड लाख मागायचे, तर तिला कलम ७४ खाली वाजवीच भरपाई मिळेल, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. तरी नोटीस यायची ती येतेच, आणि रिलिव्हिंग लेटर अडवलं की पुढची कंपनी थांबते.

सही करायच्या आधी विचार: ट्रेनिंग किती दिवसांचं, कुठे, रक्कम महिन्यागणिक कमी होते का. कोरा चेक आणि मूळ कागदपत्रं मागत असतील तर उठून ये.

पंचगंगा_काठ
गणपतीनंतर परत लिहितोय. गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये आठवड्यातून दोन दिवस घेतलंय. चार वाजताची युक्ती लागू पडली काका, तिसऱ्या ठिकाणी आत बसवून चहा दिला. एका फ्लँजचा (जोडाच्या चकतीचा) बोअर, म्हणजे मधलं भोक, ओव्हरसाइज जातो, त्याचं रजिस्टर बघतोय. ग्रुपमधले दोघे माझ्याबरोबर आले, बाकीच्या दोघांनी रेडीमेडच घेतला.

बायोडेटा लिहिलाय, वरच्या ओळी अशा: 'ऑब्जेक्टिव्ह: टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट.' 'स्ट्रेंथ: हार्डवर्किंग, पंक्च्युअल.' 'हॉबी: क्रिकेट.' खाली प्रोजेक्टमध्ये 'क्वालिटी इम्प्रूव्हमेंट इन मशीन शॉप.' बघून सांगाल का?

मनवा
वरच्या तीनही ओळी काढ. दिवसाला असे दोनशे येतात, तीच वाक्यं, त्याच क्रमाने, आणि वडिलांचा व्यवसाय, धर्म, वजन वगैरे लग्नाच्या बायोडेटासारखं. ती जागा प्रोजेक्टला दे. कुठला पार्ट, किती नग तपासले, रिजेक्शन किती होतं, तू काय मोजलंस. एक पान पुरे. फाइलला तुझं नाव दे, 'न्यू बायोडेटा फायनल वन' नको. आणि तुझा ईमेल... 'किलर' काढून साध्या नावाचा नवा उघड.

तिरकस
किलर राहू द्या, पोरगं कोल्हापूरचं आहे.

वाळूचा_माणूस
शाब्बास. बोअरचं टॉलरन्स (मापात चालणारा फरक) काय आहे? आणि कशाने मोजतोस?

पंचगंगा_काठ
३०.०० मिमी, अधिक-उणे ०.०१. आधी ऑपरेटर व्हर्नियरने बघायचा. मी म्हटलं व्हर्नियरचा लीस्ट काउंटच (सगळ्यात बारीक वाचता येणारं माप) ०.०२ आहे, तर ०.०१ कसा दिसणार? मग स्टोअरमधून बोअर गेज काढलं, डायल ०.०१ ची.

वाळूचा_माणूस
व्हर्नियरचं बरोबर पकडलंस. पण गेजवरही समाधान मानू नकोस. एकूण टॉलरन्स ०.०२. मोजायचं साधन त्याच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं हवं, म्हणजे ०.००२. ०.०१ च्या डायलवर काटा दोन रेघांच्या मध्ये असला की तू अंदाज करणार, ऑपरेटर वेगळा करणार, आणि तुमचे चांगले नग रिजेक्ट आणि वाईट नग पास होत राहणार. ०.००१ ची डायल मिळते का विचार. नसेल तर शेजारच्या युनिटमधून दोन दिवस मागून आण, एमआयडीसीत देतात. आधी तेच दहा नग दोघांनी वेगवेगळे मोजा आणि आकडे इथे टाक, मग रजिस्टरवर किती विश्वास ठेवायचा ते बघू.

पंचगंगा_काठ
गुरुवारी जातोय, टाकतो.